थोपटमावशीचा तळहात

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात दोनशे बायका कामाला आहेत. त्यांतल्या कुणालाही विचारा, सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर बोट माझ्याकडे दाखवतील. तिन्ही मशीनं धडाडत असताना मी इथून बोललेलं पलीकडच्या गोदामात ऐकू जातं. याचा मला फार अभिमान होता. आता तेवढा राहिलेला नाही, आणि तो कसा गेला हे सांगायचं तर आधी थोपटमावशींबद्दल सांगावं लागेल.

थोपटमावशी म्हणजे कारखान्याच्या पाळणाघरातल्या मावशी. हे नाव मुलांनी ठेवलंय. आमची पाळी दुपारी दोनला सुरू होते आणि रात्री दहाला सुटते. म्हणजे मुलं संध्याकाळी तिथेच जेवतात आणि तिथेच झोपतात. अठरा मुलं झोपवणं म्हणजे खायचं काम नाही. मी एक झोपवते तर मला घाम फुटतो. मावशी अठराच्या अठरा मुलांना तासाभरात गारद करायच्या, तेही आवाज न चढवता, नुसतं थोपटून. प्रत्येकाची जागा वेगळी, ठोका वेगळा. एकाला पाठीच्या मधोमध, सावकाश. माझ्या बिट्टीला कमरेवर, भराभर तीन ठोके आणि मग एक थांबा. सुट्टीच्या दिवशी घरी मी तसंच करून बघितलं, तर अडीच वर्षांची पोरगी मला म्हणते कशी, "तुला नाही येत."

मावशींचे हात बघण्यासारखे होते. पाळणाघरात येण्याआधी त्यांनी एकोणीस वर्षं खळीच्या खात्यात काढली होती. पुठ्ठ्यावर गरम खळ ओतायची आणि ती निवायच्या आत तळहातानं दाबून सपाट करायची. कातडी इतकी घट्ट झालेली की मावशींच्या हाताला टाचणी टोचली तर टाचणी वाकेल, अशी आम्ही थट्टा करायचो. चुलीवरचं भांडं त्या फडक्याशिवाय उतरवायच्या. आणि त्याच हातानं मुलाला थोपटलं की मूल दोन मिनिटांत झोपायचं.

त्या खळीच्या खात्यात होत्या तेव्हा पाळणाघर नव्हतंच. त्यांचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा. त्याला त्या खोक्यात निजवून खोकं टेबलाखाली ठेवायच्या. दोन्ही हात खळीत, नजर मशीनवर. एक दिवस त्याच्या कानात किडा गेला. मूल रडत होतं, पण मशीनच्या आवाजात यांना ऐकू आलं नाही. तीन दिवसांनी कान पिकला आणि त्या कानानं त्याला पुढे कधीच ऐकू आलं नाही. आता तो मोठा झालाय, दुसऱ्या गावी सुतारकाम करतो, फोनवर बोलताना फोन नेहमी उजव्या कानाला लावतो. मावशींनी हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. पाळणाघर मिळावं म्हणून ऑफिसात पहिला अर्ज त्यांचाच होता. तो मंजूर व्हायला सात वर्षं लागली. मग पाळणाघर त्यांच्याच हाती आलं, आणि तेव्हापासून त्यांचा एकच नेम: झोपलेल्या मुलाच्या अंगावर मुंगीसुद्धा चढता कामा नये.

आता मूळ गोष्टीकडे येते.

त्या वर्षी कारखान्याच्या मागची पाणथळ जागा नव्या गोदामासाठी भरून काढायला घेतली होती. कमरेएवढं गवत कापलं, डबक्यात माती टाकली. पाळणाघराच्या दोन खिडक्या नेमक्या त्याच बाजूला. त्यावर आम्ही तेव्हा काही विचार केला नाही. आम्हाला विचार करायला दुसरंच मिळालं.

आधी पिनवालीचा मुलगा. पिनवाली म्हणजे खोक्यांना पिना मारणारी, माझ्या शेजारच्या टेबलावरची. एका सकाळी त्याच्या कानापासून खांद्यापर्यंत लालभडक रेघ उठली. दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर फोड आले आणि पोरगं मान वळवेना. मग खळखात्यातल्या एकीच्या मुलीच्या गालावर तशीच रेघ. मग आणखी दोघांना. प्रत्येक रेघ बोटभर लांब, सरळ, पट्टीनं आखल्यासारखी. पुरळ अशी सरळ रेघेत उठत नाही, एवढं आम्हाला कळत होतं. आम्ही कुजबुजायला लागलो. मार असा उठतो. चटका असा उठतो.

मी कुजबुजत नव्हते, मी मोठ्यानं बोलत होते. पण मंगळवारपर्यंत ते बोलणं दुसऱ्यांच्या मुलांबद्दल होतं.

मंगळवारी सकाळी बिट्टीला आंघोळ घालायला बसवलं. मानेवर पाणी पडलं आणि ती किंचाळली. केस वर केले तर मानेवर तीच रेघ. कडेला पिवळट फोड, आत लाल मांस दिसावं तसं. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं.

"बिट्टू, हे कुणी केलं?"

"मावशी," ती म्हणाली.

आता खरं सांगायचं तर, बिट्टीला काहीही विचारलं तरी तेव्हा ती मावशीच म्हणायची. जेवायला कुणी घातलं? मावशी. चंद्र कुणी लावला? मावशी. हे मला माहीत होतं. पण त्या सकाळी मला ते आठवायचं नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं आणि फिरलेल्या डोक्याला जे हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

दोन वाजायच्या आधीच मी पाळणाघरात घुसले. मावशी सतरंज्या झटकत होत्या. माझं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीची कडी मोडलेली, म्हणून त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवली होती. खोक्यांचे गठ्ठे बांधतो ना आम्ही, तीच पट्टी, करकरीत, कडेला धार असलेली. मी ती सोडवली, कडेवरच्या बिट्टीच्या मानेशी धरली. रुंदी बरोबर जुळली. तसूभरही फरक नाही.

"यानं मारतेस होय मुलांना?"

मारतेस. सहा वर्षांत मी त्यांना कधी अहो-जाहोशिवाय बोलले नव्हते. तो "तू" माझ्या तोंडून निघाला आणि मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू पट्टी मी त्यांनाच मारली.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी मारीन? मुलांना?"

"मग कुणी? मुलं दोन ते दहा तुझ्याकडे असतात. सगळ्यांच्या अंगावर वळ आहेत आणि तुझ्या अंगावर एक ओरखडा नाही. झोपत नाहीत म्हणून मारतेस आणि वर लाडानं थोपटतेस."

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही. दारात बायका जमल्या. बिट्टी मावशींकडे झेपावत होती, मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं. मावशींनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, दाखवल्यासारखे. मग ते अ‍ॅप्रनच्या खिशात घातले. एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातानं कुठल्याच लेकराला लागायचं नाही ग."

प्रकरण ऑफिसात गेलं. तिथले साहेब तसे वाईट नाहीत, पण त्यांना भांडण नको असतं, कागद हवा असतो. त्यांनी ठरवलं की शुक्रवारी दुपारी चारला चौकशी होईल. आरोप खरा निघाला तर मावशी कामावरून जातील आणि पोलिसांत तक्रार होईल. तोवर रोज संध्याकाळी एक आई पाळणाघरात पहाऱ्याला बसेल. मावशींच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. काम गेलं असतं ते गेलंच असतं, पण मुलांना मारणारी म्हणून हाकललेल्या बाईनं या गावात कुणाला तोंड दाखवायचं? हे मला त्या वेळी कळत होतं. मला तेच हवं होतं, असं म्हणायला आज लाज वाटते, पण हवं होतं.

बुधवारी पहाऱ्याला मी बसले. मागून मागून घेतलं होतं ते.

स्टूल भिंतीला लावलं आणि ती पट्टी मांडीवर ठेवली, मुद्दाम, दिसेल अशी. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग बघितलं नाही. मुलांना जेवू घातलं, तोंडं पुसली. दिवेलागणीला ट्यूब लावली. नेहमी त्या मुलांशी गप्पा मारत असतात, त्या दिवशी गप्प. त्या गप्प म्हणून मुलंही गप्प. बाहेरून मशीनचा आवाज तेवढा येत होता. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "पाणी हवंय?" मी मान फिरवली. माझ्या घशाला कोरड पडली होती तरी.

मग त्या थोपटायला बसल्या. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. एका मुलाकडून दुसऱ्याकडे, गुडघ्यांवर सरकत. डावा हात थोपटत असायचा आणि उजवा मोकळा. ट्यूबभोवती बारीकसारीक किडे जमले होते, मधूनच एखादा खाली पडायचा. मावशींचा उजवा हात लगेच तिथे. मानेवर, गालावर, जिथे पडला तिथे तळहात टेकवायचा, चोळून उचलायचा, अ‍ॅप्रनला पुसायचा. मूल हलायचंसुद्धा नाही. इतकं हळू आणि इतकं सफाईनं चाललं होतं की त्याकडे लक्षच जाऊ नये. मी उगारलेला हात शोधत होते, त्यामुळे टेकवलेला हात मला दिसला नाही.

माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी वळवळलं. बघितलं तर मुंगीसारखं लांबट, अर्धं काळं अर्धं नारिंगी. मी हात दुमडून दाबला, खाजवलं, झटकून टाकलं. नजर पुन्हा मावशींवर.

दहा वाजले. सगळी मुलं धडधाकट. मी पिनवालीला म्हणाले, "आपण बघत होतो म्हणून आज मारलं नाही. बघ, किती पक्की आहे."

गुरुवारी दुपारी हात जरासा चुरचुरला. खळ लागली असेल, म्हटलं. शुक्रवारी सकाळी जाग आली तीच आगीनं. कोपराच्या आतल्या बाजूला लाल रेघ, तिच्यावर फोड. आणि गंमत म्हणजे रेघ एक नव्हती, दोन होत्या. एक दंडाच्या बाजूला, एक हाताच्या बाजूला, सारख्याच लांबीच्या, सारख्याच आकाराच्या. मी हात दुमडला तर एक रेघ दुसरीवर नेमकी बसली. ओल्या खळीचा छाप पडतो ना पुठ्ठ्यावर, तसं.

मी पलंगाच्या कडेवर बसून हात दुमडत होते आणि उघडत होते. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" मी हात त्याच्यापुढे धरला. मला तर कुणी मारलं नव्हतं. पट्टी माझ्याच मांडीवर होती.

बिट्टीला उचललं आणि दवाखाना गाठला. चामडीच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदाच येतात, नशीब की शुक्रवारीच. रांग दारापर्यंत. एक वाजला, दोन वाजले. कामाला दांडी पडली होती, त्याचं काही वाटत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ मात्र चारकडे सरकत होतं. पुढच्या म्हातारीला मी म्हणाले, "आजी, मला आधी जाऊ द्या, एका बाईचा जीव टांगणीला लागलाय." म्हातारी म्हणाली, "माझा काय जमिनीवर आहे?" तरी तिनं जाऊ दिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या. माझा हात बघितला, बिट्टीची मान बघितली. मग विचारलं, "झोपायच्या जागी डोक्यावर दिवा आहे? मागे गवत, चिखल?"

"दोन्ही आहे."

"भुंग्याच्या जातीचा किडा आहे. बारीक, मुंगीसारखा, काळा-नारिंगी. उजेडावर येतो."

"तो चावतो?"

"चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावरून चालत गेला तर काहीसुद्धा होत नाही. पण चिरडला तर त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो. लगेच नाही, एखाद्या दिवसानं. ज्या दिशेनं घासला त्या दिशेनं रेघ उठते. तुम्ही कोपरात दाबलात म्हणून दोन उठल्या." मग बिट्टीच्या मानेकडे बघून त्या सहज म्हणाल्या, "हिचा कुणीतरी हातानं चोळलेला दिसतोय."

मला तो टेकवलेला हात दिसला. दोन दिवस उशिरा, पण लख्ख दिसला.

"पण मग चोळणाऱ्याच्या हाताला काहीच कसं होत नाही?"

"तळहाताची कातडी जाड असते, तिथे सहसा उठत नाही. आणि कष्टाचा हात असेल तर विचारायलाच नको." त्यांनी मलम लिहून दिलं आणि चिठ्ठीच्या मागे आणखी दोन ओळी लिहिल्या. किडा दिसला तर फुंकर मारा, कागदावर घ्या, चिरडू नका. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा.

मी धावत सुटले. बिट्टी कडेवर, चिठ्ठी मुठीत. फाटकातून आत शिरले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

साहेबांच्या खोलीत पिनवाली होती, आणखी दोघी आया होत्या. टेबलावर ती पट्टी ठेवलेली आणि तिच्याशेजारी कामावरून काढल्याचा टाइप केलेला कागद. मावशी उभ्या होत्या. कुणी त्यांना बसा म्हणालं नव्हतं. हातात पेन होतं आणि साहेब बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवत होते.

"थांबा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज उपयोगी पडला असेल. बाही वर केली, हात उघडून दाखवला, दुमडून दाखवला. डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते एका दमात ओकून टाकलं. किडा, उजेड, गवत, रस. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पिनवाली तोंडावर हात ठेवून रडायला लागली. साहेबांच्या चेहऱ्यावर तर आनंदच पसरला, कारण पोलीस टळले होते.

"चला, म्हणजे मिटलं," ते म्हणाले. "मावशी, तुमच्यावरचा आरोप खोटा."

मावशी माझ्या कोपराकडे बघत होत्या. "तुझ्या हातावरचा किडा कुणी चिरडला?"

"मीच. दाबला मी."

"आणि हिच्या मानेवरचा?"

मी बिट्टीचे केस तिच्या मानेवर ओढून घेतले. मावशींनी ते बघितलं. मग आपला उजवा हात उलटा करून तळव्याकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचा असावा.

"अहो, ते नकळत झालं," साहेब म्हणाले.

"माझ्या मुलाच्या कानात किडा गेला तेव्हा माझा हात तिथे नव्हता," मावशी म्हणाल्या. त्या साहेबांशी बोलत नव्हत्या, माझ्याशीही नव्हत्या. "म्हणून इथे हात ठेवून बसले. बिट्टी खोटं नाही बोलली. मावशीनंच केलं."

त्यांनी अ‍ॅप्रन काढला, घडी घातली, टेबलावर पट्टीशेजारी ठेवला आणि निघून गेल्या. आम्ही सगळ्या तिथेच उभ्या. मी त्यांना वाचवायला धावत आले होते, आणि माझ्याच तोंडून त्यांना हे ऐकावं लागलं.

शनिवारी त्या आल्या नाहीत. पाळणाघरात भांडारातल्या दोघींना बसवलं. मुलं दहा वाजेपर्यंत टक्क जागी. एक रडायचं थांबलं की दुसरं सुरू. मशीनच्या आवाजातूनही ते रडणं ऐकू येत होतं, की मलाच तसं वाटत होतं, कुणास ठाऊक.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, पलंग, कपाट, खिडकीत मुलानं केलेलं छोटं लाकडी फडताळ. मावशी मोरीपाशी बसून घासणीनं हात घासत होत्या. तळहात लाल झाला होता. किडा जे करू शकला नाही ते त्या स्वतः करत होत्या. मी घासणी हिसकावून घेतली.

"मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला नको नको ते बोलले. पाय धरते मी तुमचे."

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तू एक दिवस बोललीस. मी कितीजणांना लावलं, मोजलं मी. सात. बुधवारची दोन धरून. सातातलं एकही रडलं नाही ग तेव्हा. माझा हात म्हणून निवांत झोपून राहिली."

मला समजूत घालता येत नाही, मला भांडता येतं. म्हणून मी भांडले. "मग बसा घरी. शनिवारी मुलं दहापर्यंत रडली. खिडकी तशीच आहे, किडे तसेच आहेत, आणि तिथे बसवल्यात त्या दोघी फटाफट मारतायत किडे. त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली तर हसल्या. अंगावर किडा पडलेला बघून हात आवरायचा, हे कुणाला जमणार आहे? तुम्हाला नाही जमलं तर कुणालाच नाही."

पिशवीतून मी पुठ्ठ्याचे तुकडे काढले. पातळ, पोस्टकार्डाएवढे, कडा घासून मऊ केलेले. अठरा. ते पलंगावर ठेवले आणि निघाले.

सोमवारी दोन वाजता पाळणाघराचं दार उघडं होतं. मावशी आत होत्या. साहेबांनी तोवर ट्यूब काढून पिवळा दिवा लावला होता आणि एका खिडकीला जाळी ठोकली होती. दुसरीची जाळी उद्या येणार होती. बायका एकेक करून मुलं ठेवून गेल्या. प्रत्येकीला मावशी म्हणाल्या, "डाग राहील थोडे दिवस. माझ्या हातचा आहे." ऐकून कुणी मूल परत नेलं नाही.

संध्याकाळच्या चहाच्या सुट्टीत, आठ वाजता, मी तिकडे डोकावले. निम्मी मुलं जागीच होती. मावशी मध्यभागी बसल्या होत्या, दोन्ही हात एकमेकांत गुंतवून मांडीत दाबलेले, जवळ पुठ्ठ्याचा तुकडा. थोपटत नव्हत्या. बिट्टी उताणी पडून वर बघत होती, डोळे मिटत आलेले. मी तिच्याजवळ बसले आणि मला तो दिसला. काळा-नारिंगी, तिच्या गालावर, डोळ्याकडे निघालेला.

माझा हात उठला. मी उचलला नाही, तो उठला. मावशींनी हवेतच माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बोटं बधिर झाली.

"हलू नकोस," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

दुसऱ्या हातानं त्यांनी पुठ्ठा किड्याच्या वाटेत टेकवला. किडा थांबला. शेपूट वर केलं. वळला, पुठ्ठ्याला वळसा घालून पुन्हा डोळ्याकडे चालायला लागला. पापणीला दोन बोटं उरली असतील. बिट्टीनं नाक मुरडलं, तिचा चिमुकला हात गालाकडे यायला लागला. माझ्या घशातून आवाज निघणार होता, मी तो गिळला. मावशी वाकल्या आणि गरम दुधावर घालतात तशी हलकी फुंकर घातली. किडा बिचकला, मागे फिरला आणि पुठ्ठ्यावर चढला.

मावशी उठल्या. पुठ्ठा समोर धरून दारापर्यंत गेल्या, साबणाच्या पाण्याच्या बादलीत तो बुडवला. परत आल्या. त्या बसल्या आणि हात पुन्हा मांडीत घालायला निघाल्या.

"मावशी," बिट्टी डोळे न उघडता, कुशीवर वळत वैतागून म्हणाली, "थोपट ना."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या परवानगी मागत होत्या. माझ्याकडे. मी त्यांच्या गुंतवलेल्या हातांची बोटं एकेक करून सोडवली. त्या उठल्या, नळाखाली साबणानं हात धुतले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. पुसले. पिवळ्या दिव्याखाली तळवा उघडून नीट बघितला. मग तो बिट्टीच्या कमरेवर ठेवला आणि बराच वेळ नुसताच ठेवून बसल्या.

मग तीन ठोके आणि एक थांबा.

चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. मशीनं सुरू झाली. माझ्या टेबलावर खोक्यांचा ढीग लागला असेल, मुकादम माझ्या नावानं शंख करत असेल. मी तिथेच बसून राहिले, बिट्टी झोपेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ.